भिवा अस्वलाचा जोडा

एका जंगलात, पोरांनो, एका अस्वलाचं लग्न ठरलं. अस्वलाचं नाव भिवा. नीट बसून ऐका, गडबड नाही.

नवरदेव म्हटला की पायात नवा जोडा हवा. त्या जंगलात जोडे खंडू माकड करायचा. आधी तो दोऱ्यानं शिवायचा. मग शहराकडून सोलुशनचा डबा आला. फासलं, दाबलं, चिकटलं. शिवायचं कामच नाही.

"सुटणार नाही ना रे?" भिवाच्या आईनं विचारलं.

"मावशी, नवरा सुटेल, जोडा सुटणार नाही," खंडू म्हणाला.

भिवानं जोडा घातला. मांडवात येईतो पायांना खाज सुटली. कातडी लाल झाली, बारीक फोड आले. तो या पायावरून त्या पायावर उड्या मारायला लागला.

"आई, चावतोय गं."

"नवा जोडा चावतोच. सोसायचं."

वऱ्हाडाला वाटलं, नवरदेव नाचतोय. ताशा सुतारपक्ष्यांकडं होता. त्यांना चेव आला. भिवा खाजवायला वाकला की ताशा आणखी वाढायचा.

अंतरपाट धरला. आता भिवाला राहवेना. तो मामाला म्हणाला, "मामा, हा जोडा मला नको. आत्ताच्या आत्ता सोडवा."

पलीकडं नवरीचे वडील उभे होते, राणोजी. त्यांनी एवढंच ऐकलं.

"जोडा नको? अंतरपाट धरल्यावर सुचलं होय हे?"

"घाई नको, नवरदेव," घुबडभटजी भिवाला समजुतीनं म्हणाले. "नवा जोडा सुरुवातीला चावतो. पुढं सैल पडतो. आमचाच बघा की."

घुबडीणबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. भटजी पुढची मंगलाष्टकं विसरले.

"चला रे," राणोजी गरजले, "भांडी गोळा करा. पोरगी घेऊन परत जायचं."

नवरी हौसा इतका वेळ खाली मान घालून उभी होती. अंतरपाटाखालून तिला फक्त भिवाचे पाय दिसत होते.

"आप्पा, थांबा जरा. ते पायातल्या जोड्याचं म्हणतायत."

तिनं खाली बसून जोडा ओढून काढला. हुंगला. नाक मुरडलं.

"चावल्याचं एका जागी असतं, आप्पा. हे जिथं सोलुशन लागलंय तिथं तिथं उठलंय."

ओढ्याचं पाणी आणून भिवाचे पाय त्यात बुडवले. त्यानं इतका मोठा सुस्कारा सोडला की अक्षता उडाल्या. लग्न अनवाणी लागलं.

राणोजींना मात्र पटलं नाही.

"सोलुशनला काय दात असतात? आजकालच्या पोरांची कातडीच नाजूक." असं म्हणून त्यांनी तोच जोडा आपल्या पायात घातला आणि घरची वाट धरली.

ओढ्यापर्यंत ते चालत गेले. तिथून पुढं नाचत गेले.

वाटेवरची जनावरं बघत राहिली. "पोरगी चांगल्या घरी पडली वाटतं. म्हाताऱ्याला आनंद मावेना." आणि सगळी खंडूकडं तसलाच जोडा मागायला गेली.

तात्पर्य : कुणी नाचताना दिसला की त्याला आनंद झालाय असं समजावं. जोडा काढून बघू नये. बघितलं तर वैद्य लागतो, न बघितलं तर नुसत्या ताशावर भागतं.