सुटायचं राहिलेलं ग्रहण

आमच्या गावावरचं चंद्रग्रहण सुटायचं राहिलं. बाकी सगळीकडे ते पंचांगात छापल्याप्रमाणे सुटलं. शेजारच्या गावात तर लोक आंघोळी करून झोपलेसुद्धा. आमच्याकडे मात्र सकाळी गुरं सोडायची वेळ झाली तरी चंद्र शाळेच्या पत्र्यावर तसाच, तांबडा, आणि मावळायचं नाव घेईना. दुसऱ्या दिवशी तिथंच. तिसऱ्या दिवशीही तिथंच. सूर्य आपला येऊन-जाऊन होता, पण त्याच्या उजेडात दम नव्हता. वाळत घातलेली धोतरं गुलाबी दिसायची आणि कुत्री दिवसभर झोपून असायची.

मी गावातल्या ख्रिस्ती मंडळीचा, चर्चचा, सेक्रेटरी, म्हणजे धावाधाव माझ्याच वाट्याला. आमचे पाळकसाहेब, रेव्हरंड भिंगारदिवे, सरळ माणूस. शेवटच्या दिवसाआधी चंद्र रक्तासारखा होणार हे त्यांनी उपदेशात कितीदा सांगितलं होतं, त्यामुळे ते अजिबात गडबडले नाहीत.

"उमाप," ते मला म्हणाले, "तो दिवस आलाय. देवळातल्या खुर्च्या पुसून घ्या."

मी पुसून घेतल्या.

मग लोक एकमेकांची माफी मागायला लागले. तो एक तापच झाला. ज्याचं भांडण मी केव्हाच विसरलो होतो तो सकाळी दारात येऊन रडायचा, आणि मलाही त्याच्याबरोबर रडावं लागायचं. हिंदू घरांत वेगळी पंचाईत. ग्रहणात चिरायचं-कापायचं नाही, म्हणून सगळी आळी अख्खी वांगी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा खाऊन राहत होती.

कब्रस्तानातली माणसं जागी झाली होती. उठली नव्हती, शेवटच्या दिवसाची तुतारी वाजल्याशिवाय मेलेल्यांना उठता येत नाही. पण पडल्या पडल्या बोलत होती. माझा थोरला भाऊ शमुवेल हयातीत बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवायचा. त्याच्या थडग्याशी सुवार्तावहिनी दिवसभर वाटाणे सोलत बसायची.

"तुतारी वाजवणार कोण?" दादा खालून विचारायचा.

"देवदूत."

"पट्टी मिळवून घेतलीय का, विचार. ऐन वेळी बेसूर लागली तर लाज जायची."

वहिनी तोंडाला पदर लावून हसायची. दादा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. तिनं त्याचा पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला होता आणि येता-जाता मला विचारायची, "भाऊजी, आज होईल ना हो?" मी म्हणायचो, होईल. मला तरी काय ठाऊक!

अडचण निघाली ती घरातच. वहिनीची लेक एस्तेर बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरले, वर गेले, सुटका होईना. नर्सबाईंनी तपासलं आणि ओसरीवर येऊन हात पुसत सांगितलं, "बाळ ठणठणीत आहे. पण ग्रहण सुटल्याशिवाय ते बाहेर यायचं नाही. आणि तोवर पोरगी टिकेल असं मला दिसत नाही."

त्याच दिवशी सरपंच भानुदास कोलते ग्रामसेवकाला घेऊन देवळात आले. वहिनी, पाळकसाहेब आणि मी एस्तेरसाठी प्रार्थनेला तिथंच होतो. चप्पल बाहेर काढून सरपंच पुसलेल्या खुर्चीवर बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "काम तुमच्याकडे आहे."

ते खरंच होतं. गावातलं ग्रहण सोडवायची हाळी वहिनीच्या माहेरची. ग्रहण लागलं की तिचे वडील हौसाजी 'दे दान, सुटे गिऱ्हाण' ओरडत गल्लीगल्लीतून फिरायचे, लोक दाणे आणि कपडे द्यायचे, मग चंद्र सुटायचा. लहानपणी टोपली घेऊन वहिनीच त्यांच्या मागं असायची. लग्नात बाप्तिस्मा होऊन शेवंताची सुवार्ता झाली आणि तिचं ते फिरणं बंद झालं. हौसाजीमामा यंदा वारले.

"म्हणजे यंदा कुणी ओरडलंच नाही," सरपंच म्हणाले. "चंद्र तरी काय करणार?"

"उमापांनी ओरडून बघावं," ग्रामसेवकानं सुचवलं.

मी ओट्यावर जाऊन ओरडून आलो. चंद्र जागचा हलला नाही. माझा आवाज मिटिंगचा आहे.

पाळकसाहेब उभे राहिले. "अहो, हा प्रभूचा दिवस आहे. तो अडवायचा?"

"तुमचा दिवस आम्ही कशाला अडवू, साहेब? पण एकट्या आमच्याच गावाचा शेवट कसा करता येईल? तालुक्याला कळवायला नको?"

पाळकसाहेब वहिनीकडे वळले. "बाई, मी बळजबरी करणार नाही. पण तू हाळी दिलीस तर दिवस पुढं जाईल. शमुवेल परत झोपेल. किती काळ, ते मला सांगता यायचं नाही."

"मी नाही ओरडणार," वहिनी म्हणाली. "माझं माणूस उठायला आलंय. आता मी त्याला हातानं परत लोटू?"

खिडकीतून तांबडा उजेड तिच्या मांडीवर पडला होता. तिनं तो पदरानं झटकून बघितला. मग हळूच विचारलं, "साहेब, तो दिवस आला की एस्तेर सुटेल ना?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "त्या दिवसांत गरोदर बायकांचं काय, याबद्दल शास्त्र काही बरं सांगत नाही, बाई," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. "मी तुझ्याशी खोटं बोलू शकत नाही."

वहिनी उठली ती थेट कब्रस्तानात. मी मागोमाग.

"अहो, जागे आहात का?"

"आता कुठली झोप! सदरा आणलास?"

"एस्तेरची सुटका होईना. मला हाळी द्यावी लागणार."

बऱ्याच वेळानं दादा म्हणाला, "एवढा जागा झालोय मी, सुवार्ता."

"मला कळतंय हो." ती रडत होती.

"बाळाचं तोंड तरी बघून झोपतो."

"दोन्ही एकदम नाही होत."

"हे कुणी ठरवलं?" दादा चिडला. शेजारच्या थडग्यांतून कुणीतरी त्याला हळू बोल म्हणालं. मग त्याचा आवाज खाली आला. "मामांची हाळी मी ऐकलीय. एकदम वरून लावशील तर आवाज फाटेल. हा सूर घे."

आणि त्यानं खालून सूर धरला. तो मला आधी तळपायांना लागला, मग कानाला. वहिनीनं डोळे मिटून तो घेतला, उचलला, आणि तोंड वर करून ओरडली, "दे दान, सुटे गिऱ्हाण!"

असा आवाज त्या बाईत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ती ओरडत गावात शिरली. बायका दारात येऊन दाणे घालू लागल्या. पाळकसाहेबांनी घरातून सूपभर बाजरी आणून तिच्या पदरात ओतली आणि खाली मान घालून उभे राहिले. शाळेच्या पत्र्यावर चंद्राची एक कड पांढरी झाली, मग अर्धा, मग सगळा. सगळा पांढरा झाला तेव्हा तो मावळला.

दिवेलागणीला एस्तेरला मुलगी झाली.

वहिनी न जेवता कब्रस्तानात गेली. थडग्याजवळ वाकून मोठ्यानं म्हणाली, "मुलगी आहे! नाक तुमचं!" आणि तिथंच बसली. कुठूनही आवाज नव्हता. कुणी खोकलंसुद्धा नाही.

थोड्या वेळानं मी म्हणालो, "वहिनी, चला आता."

"थांबा हो भाऊजी," ती म्हणाली. "त्यांना बोलायला पहिल्यापासूनच वेळ लागतो."

मीही खाली बसलो.