सहा-सात

पत्र लिहायचं मी ठरवलं तेव्हा माझं डच दुसऱ्या पायरीवर होतं. म्हणजे मी सुपरमार्केटमध्ये पिशवी नको असं सांगू शकत होतो आणि डॉक्टरकडे जाऊन दुखतंय तिथे बोट ठेवू शकत होतो. एवढ्या भांडवलावर वृत्तपत्राच्या संपादकाशी भांडू नये, हे मला आता कळतं.

पण त्या दिवशी प्रश्न स्वप्नालीचा होता.

स्वप्नाली ही माझी बायको. कॉलेजात ती खो-खो खेळायची, आणि तिच्या अंगावर धावून जाणाऱ्याला शेवटी फक्त हवा सापडायची. लग्नानंतर माझ्या नोकरीमागे आल्मेरेला आली आणि काही वर्षं घरात बसून वैतागली. मग वाचनालयातल्या फळ्यावर तिला एक कागद दिसला, 'महिलांसाठी ऑस्ट्रेलियन फुटबॉल, अनुभवाची गरज नाही.' ती गेली आणि संघातच राहिली. संघाचं नाव रायगर्स, म्हणजे बगळे. कॅप्टन आनेलीस ही शाळेत भूगोल शिकवते आणि मैदानावर माणसं आडवी करते.

हा खेळ नेदरलँड्समध्ये कोणाला माहीत नाही. चेंडू लांबुळका, मैदानही लांबुळकं, आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला की सहा गुण. नेम चुकून तो बाजूच्या खांबांतून गेला, तरी एक गुण. चुकल्याबद्दलही काहीतरी देणारा हा जगातला एकमेव खेळ असावा (म्हणून मला तो मनापासून आवडतो). प्रेक्षक म्हणजे आम्ही नवरेमंडळी. आमचा म्होरक्या विश्वास. त्याची बायको संहिता बचावाला असते आणि तो थर्मासमधला चहा फक्त आपला संघ पुढे असला तरच वाटतो.

त्या रविवारी चहा मिळाला. अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टच्या संघाला आम्ही पंचेचाळीस-त्रेचाळीस असं हरवलं. त्यांचे गोल सात, आमचे सहा. पण आमचे एकेकटे गुण नऊ होते आणि त्यांचा एक. त्या नवातले आठ स्वप्नालीचे. घरी येईपर्यंत ती गाडीत गात होती. मी तिला गाताना ऐकून इतकी वर्षं झाली होती की आधी मला वाटलं रेडिओ बिघडला.

आणि मग आमच्या भागातलं फुकट साप्ताहिक दारात पडलं. त्यात पहिल्यांदाच आमच्या संघाची बातमी होती. मथळा असा: 'बगळे सहा-सात हरले, तरी नाचले.' हेंद्रिक नावाच्या वार्ताहराने फक्त गोल मोजले होते. खाली लिहिलं होतं, 'संघातील उंच भारतीय खेळाडूने आठ वेळा नेम चुकवला, आणि प्रत्येक वेळी तिचे लोक टाळ्या वाजवत होते. एवढा उदार प्रेक्षकवर्ग दुर्मीळ.'

आमच्या मुलीने, ईशानीने, ते मोठ्याने वाचून दाखवलं. ती आठवीत आहे आणि तिला डच आमच्या मराठीपेक्षा जास्त येतं.

स्वप्नालीने बूट धुतले, पुसले आणि माळ्यावर ठेवले. बूट माळ्यावर गेले की आमच्या घरात तो विषय संपतो.

दुसऱ्या दिवशी आनेलीसचा फोन आला. शेजारच्या कॉर्फबॉल (उंच टोपलीत चेंडू टाकायचा इथला खेळ) क्लबने नगरपालिकेकडे आमचं मैदान मागितलं होतं. हरणाऱ्या आणि घरचेच प्रेक्षक असलेल्या संघाला एवढी जागा कशाला, असं त्यांचं म्हणणं, आणि पुरावा म्हणून त्यांनी हीच बातमी जोडली होती.

"मी यायला नको होतं या संघात," स्वप्नाली म्हणाली. "आठ वेळा नेम चुकवला, हे सगळ्या गावाने वाचलं."

"अगं, पण त्या आठ गुणांनी आपण जिंकलो."

"हे तुला माहीत आहे. गावाला नाही."

म्हणून मी गावाला सांगायचं ठरवलं. आधी पत्र मराठीत लिहिलं, कारण राग मला मराठीतच नीट येतो. मग ते मोबाइलमधल्या अ‍ॅपला डचमध्ये करायला दिलं. गुणांचा हिशेब समजावला, आम्ही जिंकलो हे ठणकावलं, आणि शेवटी जरा काळजाला हात घालणारा परिच्छेद टाकला:

'आम्ही या संघाचे फॅन्स आहोत. आमच्यातले काही फॅन्स जुने आहेत, फार आवाज करतात, पण कडाक्याच्या थंडीतही बंद पडत नाहीत. मी स्वतः स्वप्नालीचा सर्वांत पहिला फॅन. लग्नापासून तिच्या घरात आहे. टिलबर्गविरुद्धच्या अंतिम सामन्याला आम्ही सगळे फॅन्स येणार. तुम्हीही या.'

डच मजकुरात जागोजागी 'व्हेंटिलेटर' हा शब्द दिसला. क्षणभर मी थबकलो. व्हेंटिलेटर म्हणजे दवाखान्यातला. पण मग वाटलं, संघाला श्वास पुरवणारे ते व्हेंटिलेटर. डच लोक वाटतात तेवढे रुक्ष नाहीत. मला ती कल्पना इतकी आवडली की मी पाठवण्याचं बटण दाबून टाकलं.

पत्र पुढच्या अंकात, चौकटीत, एकही अक्षर न बदलता छापून आलं. मी अंक डायनिंग टेबलावर उघडा ठेवला आणि कोणीतरी वाचेल या आशेने शेजारी उभा राहिलो.

ईशानीने वाचलं. पुन्हा वाचलं. "बाबा, डिड यू चेक धिस?"

"का गं?"

"व्हेंटिलेटर मीन्स पंखा. लाइक, सीलिंग फॅन."

मी खाली बसलो. म्हणजे मी अख्ख्या आल्मेरेला कळवलं होतं की मी एक पंखा आहे, लग्नापासून स्वप्नालीच्या घरात बसवलेला आहे, आणि माझ्यासारखे काही जुने पंखे फार आवाज करत असले तरी थंडीत बंद पडत नाहीत.

"वाच," स्वप्नाली स्वयंपाकघरातून म्हणाली. "सगळं वाच. मराठीत सांग."

ईशानीने जमेल तशा मराठीत सांगितलं. 'जुने पंखे'पर्यंत स्वप्नालीने ओठ आवळून धरले होते. 'लग्नापासून'ला ती ओट्याला धरून खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग उठली, स्टूल घेतलं आणि माळ्यावरून बूट काढले.

"माझ्यासाठी तू एवढी शोभा करून घेतलीस," ती म्हणाली, "आता मला खेळायलाच हवं."

(शोभा करून घ्यायचा माझा हेतू नव्हता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.)

अंतिम सामन्याच्या दिवशी मी मैदानावर मान खाली घालून गेलो. ऑफिसात तोवर माझ्या टेबलावर तीन छोटे यूएसबी पंखे कोणीतरी ठेवून गेलं होतं. वाटलं होतं, नेहमीचे आम्ही आठ-दहा जण असू. मैदानाशी वळलो तर सायकल लावायला जागा नव्हती.

लोक आले होते. आणि येताना पंखे घेऊन आले होते. घडीचे, कागदाचे, बॅटरीवरचे. एक आजी स्पेनहून आणलेला लाल पंखा घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. एका गृहस्थाने तर सामान वाहायच्या तीनचाकी सायकलीत घरचा उभा पंखा दोरीने बांधून आणला होता. वर ढग, खाली बोचरं वारं, आणि त्यात कित्येक माणसं टोप्या-मफलर घालून स्वतःला वारा घालत होती.

"सुदर्शन," विश्वास थर्मास छातीशी धरून म्हणाला, "चहा पुरणार नाही रे."

गंमत म्हणजे त्यांना गुण मोजता येत होते. माझं पत्र हसायला म्हणून वाचलं असेल, पण सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचलं होतं. नेम चुकून चेंडू बाजूने गेला की आजी पंखा मिटून एक बोट वर करायच्या आणि शेजारच्याला सांगायच्या, "एक."

हेंद्रिकही आला होता. सरळ माझ्याकडे आला. कोवळा, लाल नाकाचा. "त्या दिवशी शिट्टी वाजताच मी गुण न विचारता हॉकीला पळालो," तो म्हणाला. "आज शेवटपर्यंत थांबतो."

टिलबर्गच्या मुली दणकट होत्या. शिट्टीला काही क्षण उरले तेव्हा दोन्ही संघांचे गुण अगदी सारखे होते. संहिताने चेंडू अडवला आणि पायाने लांब फेकला. स्वप्नालीने तो हवेत झेलला. समोरून दोघी धावून आल्या. तिने एकीला डावीकडे पाठवलं, दुसरीला उजवीकडे, आणि स्वतः मधून निघाली. ते वळण मी पुण्यात कॉलेजच्या मैदानावर पाहिलं होतं, त्याच्यामुळेच तर मी लग्नाचं विचारलं होतं. तिने चेंडू मारला.

चेंडू मधल्या खांबावर आदळला.

सगळे पंखे थांबले. हेंद्रिकने वहीत काहीतरी लिहून खोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत आजी उठल्या आणि पंखा वर करून म्हणाल्या, "खांबालाही एक."

मग शिट्टी वाजली आणि सगळं मैदान पंख्यांनी भरून गेलं. मी टोपी काढून हवेत फेकली आणि धावत सुटलो. स्वप्नाली चिखलात माखलेली होती. मी तिला मिठी मारली, ती मला उचलायला निघाली, आणि दोघंही आडवे झालो. नगरपालिकेचा माणूस कडेला उभा होता. हातात कोणाचा तरी कागदी पंखा होता. मैदान आमच्याकडेच राहिलं. कॉर्फबॉलवाल्यांनी पुढे दोन मुली आमच्या संघात पाठवल्या.

अंक आला तेव्हा पूर्ण पान आमचं होतं. गुण बरोबर, गोल बरोबर, एकेकटे गुणही वेगळे मोजलेले. स्वप्नालीच्या नावाचं स्पेलिंग तर आमच्या लग्नपत्रिकेपेक्षाही अचूक. चेंडू आदळला त्या खांबाला हेंद्रिकने 'शहराचा आवडता खांब' असं म्हटलं होतं. पानाच्या मधोमध मोठा फोटो: चिखलात बसून हसणारी स्वप्नाली, आणि तिच्या गळ्यात पडलेला, टोपीविना टक्कल चमकणारा मी. फोटोखाली ठळक अक्षरांत एक ओळ.

'विजयी खेळाडू, तिच्या वडिलांसोबत.'

स्वप्नालीने पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, ईशानीकडून फोटोखालची ओळ दोनदा समजावून घेतली, आणि अंक नीट घडी करून कपाटात ठेवला.

"चला," ती म्हणाली, "या वेळी सगळं बरोबर छापलंय."