विमानाच्या शेपटीची तूट

श्री वाघजाई सहकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळाने १९७३ च्या श्रावणात ठराव क्रमांक एक्केचाळीस एकमताने मंजूर केला. ‘कारखान्याच्या विमानाची शेपटी पन्नास किलोंनी हलकी भरत असल्याने विमानाची बॅटरी इंजिनाजवळून काढून शेपटीत बसवण्यात यावी.’ सूचक झाले, अनुमोदक झाले, मग चहा झाला.

विमान छोटं होतं, दोन माणसांचं. उसावरच्या किडीवर औषध फवारायला दोन वर्षांपूर्वी घेतलेलं. त्याची देखभाल करायला नाथाजी होता. पंधरा वर्षं हवाई दलात इंजिनं खोलून जोडून तो गावी परतला होता. विमान उडवायला जतचा बिराप्पा होता. जतकडे ऊसही नाही आणि उसाला लागणारं पाणीही नाही, त्यामुळे बिराप्पाला साखर कारखान्याबद्दल कसलाही आदर नव्हता. त्याचा विश्वास एकाच गोष्टीवर होता. नाथाजीची सही कागदावर असल्याशिवाय तो विमानात पाय ठेवत नसे.

त्या वर्षी सरकारी खात्याचं पत्र आलं, विमानाचं वजन करून पाठवा. कारखान्यात एकच मोठा काटा होता, उसाच्या गाड्यांचा. नाथाजीने विमान ढकलत त्या काट्यावर नेलं आणि एकेक चाक वेगळं जोखलं. पुस्तकाप्रमाणे पुढच्या दोन चाकांवर तीनशे-तीनशे आणि शेपटीच्या चाकावर पंचावन्न किलो भार यायला हवा होता. काट्याने सांगितलं : अडीचशे, अडीचशे आणि पाच.

“चिंतामणराव,” नाथाजी काटाक्लार्कला म्हणाला, “शेपटी काट्यावर ठेवताना आमी दोघांनी उचलली. माझी कंबर धरलीय. पाच किलोला कंबर धरती व्हय?”

“कंबर धरणं ही वैद्यकीय बाब झाली,” चिंतामणराव चष्मा पुसत म्हणाले. “काट्यावर पाच आहेत. मी पाच लिहिले.”

नाथाजीला कारण ठाऊक होतं. ते पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं. काट्यावर जे काही येईल त्यातून पाला आणि मातीपोटी पन्नास किलो आपोआप वजा होत. दर वेळी हाताने वजा करण्याचा त्रास नको म्हणून कुणीतरी काट्यालाच ती सवय लावून ठेवली होती. भरलेल्या गाडीत पन्नास किलो दिसून येत नाहीत. शेपटीकडे मात्र होतेच मुळात पंचावन्न.

तो अध्यक्षांकडे गेला. आप्पासो अध्यक्ष झाल्याला अकरा वर्षं झाली होती आणि या काळात त्यांना कुणी आकडा सुचवलेला नव्हता.

“काटा खोटा हाय म्हणतोस?” आप्पासोंनी विचारलं.

“खोटा न्हाई, आप्पासाहेब. पन्नास खातो, एवढंच. सांगलीच्या हळदपेठेतनं दुसरा काटा आणून बघू.”

“म्हंजे आमचा आमच्याच काट्यावर इस्वास न्हाई, असं जगाला दाखवू? आरं, तीन हजार सभासदांचा काटा हाय त्यो!”

“मग पुढची चाकं बी पन्नास-पन्नास कमी कशी भरली?”

“दोन वर्षं वापरलंय. झिजलं आसंल.”

शेजारी बसलेले एक संचालक म्हणाले की त्यांच्या मोटरसायकलचंही असंच झालं आहे. मुद्दा निकाली निघाला.

बॅटरी बारा किलोंची. ती नाकाकडून शेपटीत गेली की नुसते बारा किलो हलत नाहीत, सगळ्या विमानाचा तोल मागे सरकतो. हे नाथाजीने मंडळाला गाडीच्या भाषेत सांगितलं. मागं ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याला फास बसतो. “पर बैल पाय तरी रोवत्यात. इमान वर गेल्यावर पाय कशात रोवंल?” संचालकांनी माना डोलावल्या. उलाळ गाडी प्रत्येकाने पाहिलेली होती. नंतर त्यांनी ठरावाची अंमलबजावणी किती दिवसांत होईल, असं विचारलं.

अंमलबजावणी झाली. बॅटरी शेपटीत गेली, तिच्यामागून लांबलचक तार गेली. पुन्हा वजन झालं. शेपटी वीस किलो भरली. पुस्तकात पंचावन्न. म्हणजे पस्तीस अजून कमीच. मंडळाने ठराव क्रमांक बेचाळीस करून पस्तीस किलो साखर पोत्यात भरून शेपटीत बांधायला सांगितली. साखर पहिल्या प्रतीची असावी, अशी दुरुस्ती एका संचालकांनी सुचवली आणि ती स्वीकारण्यात आली. तिसऱ्या वजनाला काट्याने बरोबर पंचावन्न दाखवले. चिंतामणरावांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

खरे एकशे पाच होते. विमान धावपट्टीवरून सुटताच नाक आभाळाकडे करणार, ते खाली आणायला बिराप्पाच्या हातात काही उरणार नाही, आणि मग ते दगडासारखं पडणार. वार्षिक सभेच्या दिवशी सभासदांसमोर फवारणीचं प्रात्यक्षिक ठेवलेलं होतं.

“तू सही करणार काय रे?” बिराप्पाने विचारलं.

“न्हाई.”

“मग मी बसत न्हाई. विषय संपला बघ.”

विषय संपला नाही. विमान काट्याच्या वजनावर उडायला नकार देतं, हे पसरलं तर उद्या गाड्याही नकार देतील, हे आप्पासोंच्या ध्यानात आलं. त्यांनी प्रश्न लोकशाही मार्गाने सोडवायचं ठरवलं.

सभेत तीन हजार सभासद होते. यांतला प्रत्येक जण चहाच्या टपरीवर काट्याच्या नावाने बोटं मोडत असे. आप्पासो उभे राहिले. “आपला काटा पन्नास किलो खातो, असं ज्या सभासदाला वाटत आसंल त्यानं हात वर करावा.”

एकच हात वर गेला. तो बिराप्पाचा होता. त्याच्या नावावर शेअर नसल्यामुळे तो मोजण्यात आला नाही. नाथाजीच्याही नावावर नव्हता, म्हणून त्याने हात वर केलाच नव्हता. घरचा शेअर थोरल्या भावाच्या, जोतिबाच्या नावावर होता. जोतिबा तिसऱ्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसला होता. काटा बिनचूक असल्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला आणि आप्पासोंनी जेवणाची सुटी जाहीर केली.

“दादा, हात का न्हाई वर केलास?” मांडवाबाहेर नाथाजीने विचारलं. “मानूस मरंल आज.”

जोतिबाने इकडेतिकडे पाहिलं. “हळू बोल. चिंतामणराव आपल्या गाडीचं पन्नास सोडत्यात. फकस्त आपल्याच. कुणाला सांगू नगो म्हनलेत.”

नाथाजीने जेवणाच्या पंगतीवरून नजर फिरवली. तीन हजार माणसं जिलबी खात होती, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकट्यालाच सूट असल्याचं समाधान होतं. चिंतामणरावांनी आजवर कुणाचाही एक किलो सोडलेला नव्हता.

पंगत उठायला तासभर होता. नाथाजी आणि बिराप्पा शेडमध्ये गेले. त्यांनी साखरेचं पोतं काढून चिपाडांच्या ढिगात पुरलं, बॅटरी इंजिनाजवळ जुन्या जागी बसवली आणि शेपटीवरचं झाकण पूर्वीसारखं आवळून टाकलं. मग नाथाजीने सही केली. सहीच्या वर चिंतामणरावांचेच आकडे होते. दुसरा कागद कारखान्यात मिळत नव्हता.

विमान सरळ उडालं. बिराप्पाने उसावरून तीन फेऱ्या मारल्या आणि ते फुलासारखं खाली टेकवलं. आप्पासोंनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. “बघा! पाच-पाच किलोचा हिशोब काट्यानं सांगितला, तसंच केलं आनि इमान उडालं! आता कुनाची शंका हाय?”

कुणाचीच नव्हती. नाथाजीला व्यासपीठावर बोलावून शाल घालण्यात आली. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं. पण खरं सांगायचं म्हणजे खोट्या कागदावर आपण सही केली हे सांगायचं. मग त्याची सही संपली, आणि त्या सहीवर उडणारा बिराप्पाही संपला. नाथाजीने शालीबरोबरचा नारळ घेतला.

सरकारी खात्याने तो कागद मंजूर केला. त्याची नक्कल फ्रेम करून काट्याच्या खोलीत लावण्यात आली. शेजारच्या दोन कारखान्यांनी काटा कुणी बसवला म्हणून चौकशी केली. टपरीवर काट्याला शिव्या देणाऱ्या नव्या सभासदाला आता जुने सभासदच गप्प करू लागले.

हंगाम सुरू झाला. जोतिबा पहिली गाडी घेऊन आला, तेव्हा नाथाजी काट्यापाशी उभा होता. उसाच्या मोळ्या त्यानेच बांधून दिल्या होत्या. वजन त्याच्या अंदाजात होतं. काट्याने पन्नास कमी दाखवले.

“दादा, पन्नास गेलं.”

“गप रं,” जोतिबा आवाज चढवून म्हणाला, मागच्या गाड्यांनाही ऐकू जावं असा. “काट्यावर तुझी सही हाय, आनि तूच खोड काढतोस? लाज हाय का न्हाई?”

मागच्या गाडीवानांनी हसून मान डोलावली. चिंतामणरावांनी आकडा लिहिला आणि पुढच्या गाडीला हात केला.