हरबा बेडकाची स्वच्छ अंगाई

मुलांनो, एका जंगलात एक तळं होतं आणि तळ्यात बेडूक होते. गप्प बसा म्हटलं की ते जास्तच ओरडत. तुमच्यासारखेच.

त्यात हरबा नावाचा एक बेडूक होता. त्याची भागूआत्या अंगाई म्हणायची. त्या अंगाईवर तळ्यातली सगळी पिल्लं झोपत. ती दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. आत्या आता थकली होती. तळं आटलं की ती चिखलात झोपायला जायची, पण या खेपेला पुन्हा उठेन असं तिलाच वाटत नव्हतं.

हरबाचा आत्यावर फार जीव. त्याने जुना टेपरेकॉर्डर काढला. लाल आणि काळं बटण एकदम दाबायचं, की झालं. आत्याने घसा साफ केला. हरबाने बोट टेकवलं.

तेवढ्यात सरडा आला. त्याचा संगीताच्या सॉफ्टवेअरचा क्लास होता.

"अहो हरबाशेठ, या डबड्यात? शेजारच्या बगळ्याचं खोकणंसुद्धा येईल त्यात!"

"येऊ दे की. आत्याही येईल."

"लोक हसतील," सरडा म्हणाला. हरबा लोकांना घाबरायचा. त्याने बोट उचललं.

मग संगणक आला. त्यात तानपुरे होते, ढोल होते, गुहेचा घुमारा होता. हरबा रोज क्लासला जाऊ लागला. आत्या दगडावर बसून राहायची.

"हरबा, गाऊ का रं?"

"थांब आत्या, अपडेट चाललंय."

"आता गाऊ?"

"थांब गं! माइक कुठल्या खिडकीत दिसतो, तेच सापडेना."

तळं गुडघाभर उरलं, तेव्हा कुठे माइक सापडला. आत्या गायली. घसा पार बसला होता, तरी एकही कडवं तिने गाळलं नाही. मग म्हणाली, "जाते रं आता. पिल्लांना ऐकव." आणि चिखलात शिरली.

सरड्याने कपाळाला आठ्या घातल्या. "खरखर फार आहे." त्याने 'खरखर काढा' हे बटण दाबलं.

आता बेडकीच्या गाण्यातून खरखर काढली तर मागे काय उरणार? पण हे यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने इमानेइतबारे सगळी काढली. मग विचारलं, "मूळ आवाज ठेवू की पुसू?"

"पुसा," सरडा म्हणाला. "कचरा कशाला साठवायचा?"

हरबाने मान डोलावली. क्लासमध्ये तसंच शिकवलं होतं.

पाऊस आला, तळं भरलं, नवी पिल्लं आली. आत्या उठली नाही. हरबाने सगळ्या जंगलाला बोलावून अंगाई लावली. काहीच ऐकू आलं नाही.

"वा! काय स्वच्छ!" बगळा म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरड्याने जाहीर सत्कार स्वीकारला.

पिल्लं मात्र रडायला लागली. हरबा पाण्यात उतरला आणि स्वतःच गाऊ लागला. पहिली ओळ झाली. दुसरी आठवेना. जन्मभर कानावर पडलेली अंगाई, पण आत्या आहे म्हणून त्याने कधी नीट ऐकलीच नव्हती. तो तीच एक ओळ पुन्हापुन्हा म्हणत राहिला. फार वाईट वाटलं हो त्याला.

सरडा काठावरून ओरडला, "हरबाशेठ, सूर हलतोय! नव्या आवृत्तीत त्यावर बटण आलंय."

हरबाने डोळे पुसले आणि विचारलं, "क्लास किती वाजता?"

तात्पर्य: मुलांनो, आवाज आला नाही तरी चालेल, पण खरखर येता कामा नये. तेव्हा आधी सॉफ्टवेअर नीट शिकून घ्या. आत्या काय, थांबेल.