ब्रेक तपासा, मंडळी!

उपासनेत पाळकसाहेबांचा उपदेश रंगात आला की तिसऱ्या बाकावरून लाल निशाण वर यायचं. अस्सल रेल्वेचं, दांडीसकट. पाळकसाहेब थांबायचे. न थांबून सांगतात कुणाला? निशाण धरणारे याकोबआबा तोवर उभे राहिलेले असत आणि भर मंडळीत सांगत, "सायेब, ह्या वाक्याला ब्रेक न्हाई."

मी नगरकडून लोणावळ्याच्या मिशन शाळेत मास्तर म्हणून आलो, तेव्हा पहिल्याच रविवारी हा प्रकार पाहिला आणि हसू दाबण्याच्या नादात गीताची ओळच विसरलो. पुढं खोलीही नेमकी त्यांच्याच शेजारी मिळाली, त्यामुळे हसू दाबण्याचा चांगला सराव झाला.

आबा घाटातल्या मालगाडीचे ब्रेकवाले. विजेची इंजिनं येण्याआधीच्या काळात त्यांचा उभा जन्म खंडाळ्याचा घाट उतरण्यात गेला. गाडी उताराला लागण्याआधी डब्याडब्याचा ब्रेक तपासायचा, मग अगदी शेवटच्या डब्यात चढून ब्रेकचं चाक आवळत बसायचं. नोकरी संपली, पण तपासणी काही संपली नाही. रस्त्यात कुणी भेटलं की सलामाच्या आधी प्रश्न, "ब्रेक लागतोय न्हवं?" म्हणजे विश्वास शाबूत आहे ना? गुत्त्याच्या बाजूने येणाऱ्याला हा प्रश्न जवळ जाऊन, वास घेऊन विचारला जाई. एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाला वेदीपुढंच गाठलं. तो बिचारा गडबडला, तेव्हा नवरीनंच पदर सावरत सांगून टाकलं, "व्हय आबा, लागतोय."

पाळकसाहेबांशी त्यांचं भांडण मात्र एकच होतं. साहेब तरुण, मनाने मऊ. ते शिकवत की माणसाचं तारण एकदा झालं की झालं, प्रभूच्या हातातून कुणी निसटत नाही. इथं निशाण हमखास वर यायचं.

"घाट बघितलाय का तुमी? वर ठणठणीत आसल्याली गाडी उताराला सुटती. तारण झाल्याला मानूसबी सुटतो. म्या ह्या डोळ्यांनी बघितलाय!"

तो डोळ्यांनी बघितलेला माणूस कोण, हे मला समोरच्या रूथमावशींकडून कळलं. आबांचा सख्खा धाकटा भाऊ, शिमोन. त्याची लेक तापाने फणफणली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. आई नसलेली पोर. बाप घाबरून कार्ल्याच्या देवीला नवस बोलला. पोर उठली आणि शिमोन दिल्या शब्दाला जागून डोंगर चढून नवस फेडून आला. मंडळीत गहजब झाला. त्याचं नाव कमी करायचं ठरलं, तेव्हा पंचांमध्ये पहिला हात वर गेला तो याकोबआबांचा. शिमोन पोरीला घेऊन कामशेतला भातगिरणीवर कामाला गेला, आणि भावाभावांत बोलणं म्हणून राहिलं नाही.

आबांच्या शेजारी बाकावर त्यांची जुनी रेल्वेची टोपी ठेवलेली असायची. मी एकदा ती उचलून बसायला गेलो, तर निशाणाची दांडी थेट माझ्या पोटाला लागली. "फुडं जावा मास्तर, फुडं लय जागा हाय." म्हाताऱ्याला ऐसपैस बसायची हौस आहे, एवढंच मला तेव्हा वाटलं.

एका वर्षी ईस्टर आठवड्यावर आला असताना शिमोन पाळकसाहेबांच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला पुन्हा मंडळीत यायचं होतं, प्रभुभोजनाला बसायचं होतं. साहेबांना आनंद मावेना. त्यांनी लगेच पंचांना बोलावलं. मी चिटणीस, म्हणून मीही होतो.

थोरले पंच म्हणजे दवाखान्यातले कंपाउंडर. औषधासारखंच ते बोलणंही मोजून देत. म्हणाले, "साहेब, तुमच्याच शिकवणीप्रमाणे खरा विश्वासी निसटत नाही. हा तर निसटला. म्हणजे हा मुळात खरा नव्हताच. पहिला बाप्तिस्मा फुकट गेला म्हणायचा. वर्षभर नव्याने शिकू दे, मग बघू."

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. ज्या शिकवणीने ते लोकांना धीर देत, तीच त्यांच्यावर उलटली होती. दाराशी शिमोन उपरण्याचं टोक पिळत उभा होता. मी आबांकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, आता संपलं सगळं.

लाल निशाण वर आलं. पण ते कंपाउंडरांच्या नाकासमोर.

"खरा नव्हता? ह्यो? बाप्तिस्म्याच्या पाण्यातनं ह्याला म्या भाईर काढलाय. कापत हुता नुस्ता, आन थंडीनं न्हाई, आनंदानं! त्ये खोटं आसंल तर माझंबी खोटं. लिवा मास्तर, माझंबी नाव कमी करा!"

मी लिहिलं नाही.

"गाडी सुटली म्हंजी ती रेल्वे कंपनीची नव्हतीच, आसं कुटला सायेब म्हनतो? घाटात त्यो आंधळा फाटा कशाला बांधलाय?"

हा फाटा आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. घाटात सुटलेली गाडी दरीत जाऊ नये म्हणून मुख्य रुळातून एक रूळ बाजूला काढून वर चढावर नेलेला आहे. सुटलेली गाडी त्यावर चढते, दमते आणि थांबते.

"गाडी सुटायच्या आदी बांधलाय त्यो! कंपनीला ठावं हुतं, गाड्या सुटनार. कंपनीला येवढी अक्कल, आन देवाला न्हाई व्हय?"

"पण आबा," कंपाउंडर चाचरत म्हणाले, "नाव कमी करायला पहिला हात तुमचाच होता."

आबा खाली बसले. निशाण मांडीवर आलं.

"केलता हात वर," ते म्हणाले. "त्या दिशी ब्रेकवाला झोपला हुता. गाडी ब्रेकवाल्याला धरत नसती, कंपाउंडरसायेब. ब्रेकवाल्यानं गाडीला धरायचं आसतं."

शिमोनला परत घ्यावं यासाठी पहिला हात कंपाउंडरांचा वर गेला. मग सगळ्यांचेच.

ईस्टरला मंडळीचं देऊळ गच्च भरलं होतं. शिमोन लेकीचा हात धरून दारापर्यंत आला आणि तिथंच खिळला. सगळ्या माना मागे वळलेल्या, त्याचं पाऊल काही उचलेना. तेव्हा आबा उभे राहिले आणि त्यांनी कोटाच्या आतून दुसरं निशाण काढलं. हिरवं. इतक्या वर्षांत ते आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. कापड कोरं करकरीत, घड्यांच्या रेघा तशाच. आबांनी ते डोक्यावर उंच धरून हलवलं.

"यिऊ द्या!"

पेटी वाजवणाऱ्याला वाटलं, ही आपल्यालाच खूण. त्याने गीत सुरू केलं आणि सगळी मंडळी उठून छप्पर उडेल अशी गाऊ लागली. शिमोन लेकीसह तिसऱ्या बाकापाशी आला. आबांनी बाकावरची टोपी उचलली, आपल्या डोक्यावर ठेवली आणि सरकून बसले. ती टोपी कुणाची जागा धरून होती, ते मला तेव्हा कळलं आणि मी सरळ रडू लागलो. माझी ओळ पुन्हा चुकली.

उपासनेनंतर पायऱ्यांवर पाळकसाहेबांनी आबांना गाठलं. "काय आबा, शेवटी माझंच खरं ना? निसटत नाही."

लाल निशाण अर्धं वर आलं. "सुटला हुता, सायेब. आजच्या दिवशी तरी खोटं बोलू नगा." पण म्हणताना आबा हसत होते.

एरवी उपासना सुटली की आबा सगळ्यांच्या आधी दाराशी पोचून जाणाऱ्या-येणाऱ्याचे ब्रेक तपासत. त्या दिवशी त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. शिमोन आणि त्याची लेक आबांच्या घराकडचा उतार उतरू लागली आणि आबा चार पावलं मागून निघाले. शिमोन थांबला.

"दादा, बरुबर चल की."

"तू चल फुडं," दोन्ही निशाणं काखेत मारत आबा म्हणाले. "ब्रेकवाल्याची जागा मागंच आसती."