निंबाजी पाणकावळा आणि न संपणारा लेप

एका जंगलात एक तळं होतं आणि तळ्याच्या काठी जांभळाचं एक वाळकं झाड होतं. त्या झाडाला ना पान होतं, ना फळ. पण रोज सकाळी त्याच्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले असत. मुलांनो, तुम्हाला वाटेल ते ऊन खात होते. नाही. ते स्वतःला वाळत घालत होते.

बदकाच्या अंगावर पाणी ठरत नाही, पाणकावळा मात्र पार चिंब भिजतो. मासा धरायला बुडी मारायची, भिजायचं आणि मग दोरीवरच्या सदऱ्यासारखं लटकत बसायचं. अर्धी सकाळ त्यातच जायची.

या पाणकावळ्यांत निंबाजी नावाचा एक होता. त्याला स्वतःचीच चेष्टा करायची सवय. लोक हसायच्या आत आपणच हसून घ्यावं, म्हणजे कमी लागतं, असं त्याचं मत. बदकं समोरून गेली की तो आपणहून सांगे, की गळाभेटीला कुणी येईना, म्हणून पहाटेपासून हात पसरून बसलोय. बदकं हसत, निंबाजीही हसे. आत मात्र एक गोष्ट त्याला खात होती.

गेल्या वर्षी त्याची बायको सगुणा मासे धरायला गेली, तेव्हा अंड्यांवर बसायची पाळी त्याची होती. पाणकावळे आपल्या पडदेदार पायांनी अंड्यांना ऊब देतात. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, पंख काही केल्या वाळेनात, आणि निंबाजी तसाच ठिबकत घरट्यात बसला. त्यातलं एक अंडं फुटलंच नाही. सगुणा त्याला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. यंदा काहीही होवो, आपण कोरडा बाप व्हायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

नेमकी तेव्हाच घोरपडबाई त्या जंगलात आली. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक गुहा होती, तिथे तिने भट्टी लावली आणि लेप विकायला काढला. चिकटण्यात घोरपडीचा हात कुणी धरणार नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तीच आता न चिकटणारा लेप विकत होती. पाणी लागणार नाही, चिखल लागणार नाही, तेलातुपाचा डाग पडणार नाही, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

निंबाजीने तिला विचारलं, "हा टिकतो किती दिवस?"

"दिवस कसले मोजतोस दादा? तुझ्या पणतवंडांना पुरेल."

"उन्हाने जात नाही?"

"नाही."

"कुजत नाही, आटत नाही?"

"नाही."

"मग हा शेवटी जातो तरी कुठे?"

"जातच नाही," घोरपडबाई म्हणाली. "तीच तर खुबी आहे."

निंबाजीला हे फार पटलं. मुलांनो, तुम्हालाही पटलं असतं. टिकाऊ हा शब्द कानावर पडला की पुढचं आपल्याला ऐकू येत नाही. गोष्ट सांगणाऱ्याच्या स्वयंपाकघरातही असा एक तवा आहे, आणि त्यावरचं धिरडं इतकं सुरेख सुटतं की तवा कशाने माखलाय, हे विचारायचं राहूनच गेलं. असो. निंबाजीने एक जाडजूड मरळ मासा देऊन लेप घेतला आणि चोचीने पंखापंखाला चोपडला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगावरून पाणी असं घरंगळलं की बदकं बघतच राहिली. निंबाजी त्या दिवशी जांभळावर पंख मिटून, पाय ताणून बसला. शेजारचे पाणकावळे वाळत होते आणि हा त्यांना हवापाण्याबद्दल विचारत होता.

मग भूक लागली. त्याने झोकात बुडी मारली आणि बुचासारखा टुणकन वर आला. पुन्हा मारली, पुन्हा वर. अंग भिजत होतं म्हणून तर तो खोल जात होता, हे त्याला तेव्हा कळलं. ज्या ओलेपणाची आयुष्यभर लाज धरली, त्याच्यावरच पोट चालत होतं. मी उभ्या जन्मात पोहायला शिकलो नाही, तरी निंबाजीची ही चूक मला लगेच दिसली. कोरड्या जागी बसलं की दुसऱ्याच्या चुका फार स्वच्छ दिसतात.

निंबाजी पाण्यावर तरंगत राहिला आणि विचारणाऱ्यांना म्हणाला, की आता वय झालं, खोल पाण्यातल्या भानगडी झेपत नाहीत.

तोवर सगळ्या जंगलाने लेप घेतला होता. अस्वलाने पंजांना लावला, तर मध पंजावरून ओघळून जाऊ लागला आणि चाटायला काही उरेना. माकडांनी हातापायांना लावला आणि फांदीफांदीवरून ती घसरून पडू लागली. सिंहमहाराजांनी आयाळीला लावला होता, त्यांचं तेवढं बरं चाललं होतं. चार दिवसांत बाकी सगळे मेटाकुटीला आले.

आता त्या जंगलात एक जुनी रीत होती. जे नकोसं झालं ते तळ्याला द्यायचं. पालापाचोळा, उष्टं, मेलेलं, सडलेलं, सगळं पाण्यात सोडायचं आणि हात जोडून म्हणायचं, तळ्याला दिलं. थोड्या दिवसांत त्याचा गाळ होई, गाळात कमळं उगवत. तळं सगळं पचवतं, असं कासवआप्पा सांगायचे, आणि कासवआप्पांचं वय पाहून त्यांना उलटून विचारायची कुणाची छाती नव्हती. त्यांचं म्हणणं आजवर खोटंही ठरलं नव्हतं.

तेव्हा सगळं जंगल तळ्यावर जमलं. वाळूने, राखेने अंगं घासून सगळ्यांनी लेप उतरवला. सर्वांत आधी पाण्यात उतरायचा मान निंबाजीला मिळाला, कारण लेपही त्यानेच आधी लावला होता. घासून काढलेला लेप पाण्यात सोडून, तळ्याला दिलं, असं तो खणखणीत आवाजात म्हणाला. मग त्याने बुडी मारली. तो खोल गेला, चिंब भिजला, तोंडात भला मोठा मासा घेऊन वर आला आणि आनंदाने त्याला रडूच फुटलं.

त्या हंगामात त्याने सगुणाला कधी नव्हे इतके मासे खाऊ घातले. तिने बाभळीवरच्या घरट्यात अंडी घातली. आपली पाळी आली की निंबाजी उन्हात पुरता वाळून, पाय पुन्हापुन्हा पुसून मगच अंड्यांवर बसे. कोरडा बाप तो असाही झालाच होता.

दिवस भरले. एकच अंडं फुटलं. त्यातून एक किरकोळ पिल्लू बाहेर आलं. बाकीची अंडी तशीच पडून राहिली. सगुणाने ती चोचीने हलवून पाहिली, पुन्हा पायांखाली घेतली. ती तिने बऱ्याच दिवसांपर्यंत सोडली नाहीत.

आजूबाजूच्या घरट्यांतही तेच झालं होतं. निंबाजी कासवआप्पांकडे गेला. आप्पा तळाचा गाळ चाखून नुकतेच वर आले होते.

"बाबा रे," ते म्हणाले, "हे तळ्याला पचलेलं नाही. जसं दिलं तसंच आहे. गाळात आहे, किड्यांत आहे, माशांत आहे. माझ्या अंगातही असेल."

"आणि सगुणाच्या?"

आप्पांनी मान आत ओढून घेतली.

निंबाजी तडक घोरपडबाईकडे गेला आणि तिला नको नको ते बोलला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "दादा, हा कधी जात नाही, हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एक तरी शब्द खोटा होता का?"

निंबाजीने पुष्कळ आठवून पाहिलं. खोटा शब्द सापडला नाही.

प्रकरण दरबारात गेलं. सिंहमहाराजांनी तरसांची समिती नेमली. समितीने तळ्याकाठी उभं राहून पाणी निरखलं आणि लेप डोळ्यांना दिसत नसल्याचा निर्वाळा दिला. तरीही प्रजेच्या भावना लक्षात घेऊन महाराजांनी लेपाला हद्दपार केलं. तशी दवंडी पिटली गेली. दवंडी सगळ्यांनी ऐकली, लेपाने मात्र ऐकली नाही. घोरपडबाईने भट्टीवर दुसरा लेप चढवला. हा अगदी वेगळा आहे, याचं नावच वेगळं आहे, असं तिने सांगितलं, आणि आयाळीसाठी पहिली कुपी वाड्यावर पोचती केली.

निंबाजी घरट्याकडे परतला. वाटेत सवयीने त्याने तळ्यात बुडी मारली होती. गळ्यात मासा होता. पाणकावळ्याचं पिल्लू बापाच्या घशात डोकं घालून खातं. त्याची चाहूल लागताच पिल्लाने मान उंच करून आ वासला.

निंबाजी तोंड मिटून तसाच उभा राहिला. या वेळी त्याला एकही विनोद सुचेना.

"देत का नाही?" सगुणाने विचारलं.

"यात ते आहे गं."

"ठाऊक आहे मला." तिने पिल्लाकडे पाहिलं. "दुसरं काय आहे आपल्याकडे?"

पिल्लू भुकेने थरथरत होतं. निंबाजीने तोंड उघडलं.

तात्पर्य : मुलांनो, वाडवडलांनी आमच्यासाठी काही मागे ठेवलं नाही, अशी तक्रार यापुढे करू नका. ठेवलंय. तुमच्या पोटातच ठेवलंय.