हमादची बंदूक आणि हळदीचा हात

दुबईपलीकडच्या फुजैऱ्यात घरांच्या रंगकामाचा धंदा करणारे बापू पेंडसे कुठलाही खर्च ऐकला की आधी हसत आणि मग तो निम्म्यात करून दाखवत. पाच व्हिलांचं काम देऊ पाहणाऱ्या अरब शेठ हमादने आपली शिकारीची बंदूक पुढे ठेवली, तेव्हाही ते हसलेच.

"परवा उझबेकिस्तान जाता हूँ, बदक मारने. उधर सब सूखा घास. दुबईवाला गन छुपाने का टेप डेढसौ दिरहम बोलता है."

"डेढसौ? म्हणजे तीन हजार रुपयांच्यावर!" बापू स्वतःशीच पुटपुटले. "अरबाब, मैं बीस में करता हूँ."

"अच्छा करेगा, तो व्हिला भी तेरा."

बंदूक रिकामी होती, परवाना सोबत होता. तरी घरातले सगळे तिच्यासमोरून तिरके चालत. बापूंनी तिला आधी पोळ्या गुंडाळायचं प्लास्टिक लपेटलं, त्यावर औषधाच्या दुकानातलं पांढरं बँडेज. आता उद्या चहाच्या पाण्याचे हात मारले की झालं. रात्रभर बंदूक कोपऱ्यात अपघात विभागातल्या पेशंटसारखी उभी होती.

सकाळी दसरा. बायकोने, प्रमोदिनीने, पाटावर ब्रश, रोलर, स्प्रेचा पंप मांडून पूजेला हळद कालवली.

"हळद जरा बेताने हं," बापू आंघोळीला जाता जाता म्हणाले. "देवाला चिमूटभरही पोचते."

ते बाहेर आले तर पाटावर बंदूकसुद्धा! नळीपासून दस्त्यापर्यंत पिवळीजर्द.

"अगं, हे काय केलंस?"

"घरात खरं शस्त्र असताना नुसत्या ब्रशांना ओवाळू? आणि वाटी कलंडली, त्याला मी काय करू!"

"बाबा, इट्स गॉट जाँडिस!" लेक ओवी टाळ्या पिटत म्हणाली.

"पाच व्हिला गेल्या!" बापूंनी ओलं फडकं घेतलं, त्यावर कपड्यांचा साबण चोळला आणि बंदूक घासायला सुरुवात केली. हळदीला साबण लागल्यावर काय होतं, हे मराठी घरात बाळंही सांगतील; पण बापूंनी जन्मात कपडे धुतले नव्हते. जिथे फडकं फिरलं, तिथे लालसर, विटकरी ओघळ उठले. मग त्यांनी दुप्पट जोराने घासलं, आणि ओघळ दुप्पट झाले.

तेवढ्यात बेल वाजली. एक दिवस आधीच हमाद.

हमादने बंदूक उचलली, उलटसुलट पाहिली आणि ती घेऊन बाहेर चालू लागला. बापू मागे. हमादने आपल्या गाडीतल्या बकऱ्यांच्या वाळल्या चाऱ्यावर ती आडवी ठेवली आणि दहा पावलं मागे सरकला.

"बापू, गन किधर है?"

बापूंनाही दिसेना.

"वल्ला! ये कलर किधर से लाया?"

"खानदानी फॉर्म्युला है, अरबाब," बापू घाम पुसत म्हणाले.

"खलास. व्हिला तेरा. मेरा चार दोस्त भी आता है, उनका गन भी कल शाम तक. सेम कलर!"

"कल? अरबाब, ये काम साल में एक ही दिन..."

"झूठ बोलते हैं!" दारातून प्रमोदिनी गरजली. "कल शाम ले जाना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटावर बँडेज बांधलेल्या चार बंदुका ओळीने निजल्या होत्या. बापू हळदीचं पातेलं घेऊन बसले होते. प्रमोदिनी समोर साबणाची वडी घेऊन. बापूंनी सवयीने चिमूटभर हळद उचलली.

"सढळ हाताने!" ती म्हणाली. "देव चिमटीत भागवून घेतो. हे गिऱ्हाईक आहे."